टेकडीवर कॉसमॉस पेरावा का?

प्रश्न : आमच्या सोसायटीमागे मोकळी टेकडी आहे. पहिल्या पावसात तिथे पिवळ्या कॉसमॉसचं बी फेकायचं मंडळानं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, ‘फेका आणि विसरा, पाणीसुद्धा घालावं लागत नाही.’ माझी जाऊ म्हणते, हे तण होऊन बसेल. एखादी वनस्पती माजणार की नाही, हे आधी कळतं का?
— एक वाचक, वाई

उत्तर : जाऊबाईंचं ऐका.

आधी कळतं, बऱ्यापैकी कळतं. ऑस्ट्रेलियात नवी वनस्पती आणायची तर १९९७ पासून तिची ४९ प्रश्नांची उलटतपासणी होते. बेरीज ६च्या वर गेली की प्रवेश बंद, १च्या खाली राहिली तर खुशाल या, मधल्यांची आणखी चौकशी. म्हणजे जास्त गुण मिळाले की नापास! तुम्हाला ४९ प्रश्नांची गरज नाही. मी चारच विचारते.

पहिला, आणि माझा सगळ्यात भरवशाचा : दुसरीकडे हिनं काय दिवे लावलेत? त्यासाठी परदेशी जायला नको. पुण्याच्या टेकड्यांवर किंवा हमरस्त्याच्या कडेला सप्टेंबर-ऑक्टोबरात चक्कर मारा. तिथे फुललेला कॉसमॉस दरवर्षी कुणी पेरत बसत नाही.

दुसरा, हवामान. हा मूळचा मेक्सिकोकडचा. तिथेही पाऊस जून ते ऑक्टोबर, मग कोरडं. वाईत त्याला परकं वाटण्यासारखं काही नाही.

तिसरा, बी. वाळलेलं एक बोंड हातावर चुरडा. सुईसारखं लांब, काळसर, जरा वाकडं बी निघेल. बहुतेकांच्या टोकाला दोन काटे दिसतील. भिंगाखाली त्या काट्यांवर उलट्या कुसळ्या असतात. सलवारीला, शेळीच्या लोकरीला, कुत्र्याच्या शेपटीला धरून ते पुढच्या टेकडीवर जातं.

चौथा प्रश्न दुकानदारानंच सोडवलाय. ‘फेका आणि विसरा’ ही त्याची जाहिरात, माझ्या लेखी ते आरोपपत्र. मुरमाड जमिनीत, न खुरपता, न पाणी घालता एका हंगामात उगवून बी धरणारी वनस्पती बागेत गुणी, माळावर धोक्याची.

परदेशी म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचाच. इतकी शतकं इथे राहिला, पण त्यानं आपल्या टेकड्या बळकावल्या नाहीत.

मंडळात कुणीतरी म्हणेलच, ‘अमक्याकडे पाच वर्षं आहे, काही झालं नाही.’ त्यांना गाजर गवताची आठवण द्या. १९५५च्या सुमारास ते पुण्यात दिसलं, तेव्हा ती वनस्पतिशास्त्रज्ञांपुरती बातमी होती. आज ते नाही असा जिल्हा दाखवा.

आणि टेकडी ‘मोकळी’ आहे हे कुणी ठरवलं? मे महिन्यात तसं वाटतं खरं. पावसाळ्यात तिथे कुसळी गवत असतं, कंद डोकं वर काढतात, सोनकी फुलते. कॉसमॉस कमरेच्या वर जातो आणि खालच्यांचं ऊन अडवतो. गवत गेलं तर तुमच्याकडे येणारा गुराखी काय करणार, हेही बैठकीत विचारा. सोनकीही पिवळी, त्यामुळे उपटताना घोटाळा होतो. सोनकी ठेंगणी, पानाला दातेरी कडा, बी म्हाताऱ्यांसारखं वाऱ्यावर उडणारं. कॉसमॉसचं पान मात्र पिसासारखं चिरत गेलेलं.

हौस असेल तर कॉसमॉस कुंडीत लावा. फूल सुकलं की बी काळं पडायच्या आत खुडा. खुडलेलं कंपोस्टात नको, चुलीत घाला. बी आधीच फेकून झालं असेल, तर पहिली फुलं दिसताच, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. मागे राहिलेलं बी उगवतं, तेव्हा पुढच्या पावसाळ्यातही तेच काम काढावं लागेल. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत आत्ताच तारीख घालून ठेवा.