पियोरियाला यायचं का? जरा सविस्तर उत्तर

तुम्ही विचारलंय की शेंद्र्याच्या इंजिन प्लांटमधून कॅटरपिलर (बुलडोझर आणि इंजिनं बनवणारी अमेरिकन कंपनी) तुम्हाला एल-वन व्हिसावर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, इलिनॉयमधल्या पियोरियाला पाठवतेय, सोबत नवरा आणि पहिलीतली मुलगी, आणि नेटवर "मरत चाललेलं कारखान्यांचं गाव" वगैरे वाचून घरचे घाबरलेत. मी बरीच वर्षं इथे राहतोय म्हणून सरळ सांगतो, या, गाव चांगलंय. फक्त हे गाव कायम एखाद्या मोठ्या धंद्याच्या जिवावर जगत आलंय आणि तो धंदा कधीतरी हलतो, एवढं समजून या.

आधीचा धंदा दारूचा. चहूबाजूंनी मका, जमिनीखाली थंडगार पाणी, जवळच कोळसा आणि माल न्यायला इलिनॉय नदी, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे व्हिस्कीचं सगळ्यात मोठं केंद्र झालं होतं, १८८७ साली डिस्टिलरीवाल्यांनी एकत्र येऊन जो व्हिस्की ट्रस्ट काढला त्याचं ऑफिसही इथेच. त्या पैशातून उभे राहिलेले बंगले हाय स्ट्रीट आणि मॉस अव्हेन्यूवर अजून आहेत, एखाद्या रविवारी चालत बघा. १९२० ला देशभर दारूबंदी आली आणि सगळं थांबलं. बंदी उठल्यावर १९३४ ला हायरम वॉकरने इथे प्रचंड डिस्टिलरी काढली, तीही १९८० च्या आसपास बंद झाली.

तोवर ट्रॅक्टर आले होते. कॅलिफोर्नियाच्या बेंजामिन होल्टच्या कंपनीने १९०९ ला नदीपलीकडे ईस्ट पियोरियात एक बंद पडलेला कारखाना घेतला, १९२५ ला होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एक झाल्या आणि कॅटरपिलर जन्माला आली. आजही मोठे बुलडोझर ईस्ट पियोरियात बनतात, इंजिनं आणि टेक्निकल सेंटर मॉसव्हिलला, फाउंड्री (लोखंडाचं ओतकाम) मॅपलटनला.

इथली माणसं कळायची असतील तर कॅटरपिलरमधल्या संपांचा इतिहास माहीत पाहिजे. १९८२-८३ चा संप २०५ दिवस चालला, त्याच सुमारास मंदीने हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, लोक घरं सोडून टेक्सासकडे गेले. मग १९९१-९२ ला परत संप, तेव्हा कंपनीने कायमची बदली माणसं भरायची धमकी दिली, आणि १९९४-९५ चा तर सतरा महिने. करार शेवटी १९९८ ला झाला. या संपांत काही लोक युनियनसोबत बाहेर राहिले, काही गेटमधून आत कामावर गेले, आणि ती कटुता जुन्या लोकांच्या मनात अजून आहे. तुमच्या टीममध्ये किंवा शेजारी कोणाचे वडील त्यात असतीलच. विषय निघाला तर शांतपणे ऐकून घ्या, मत देऊ नका. बाकी माणसं अतिशय साधी आणि मदतीला धावणारी, बर्फात गाडी अडकली तर अनोळखी माणूस थांबून धक्का मारतो हे मी कितीदा बघितलंय.

आणि एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली हे शास्त्रज्ञ इंग्लंडहून पेनिसिलिनची बुरशी घेऊन इथल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत आले, कारण युद्धामुळे तिकडे ते मोठ्या प्रमाणावर बनवणं शक्य नव्हतं. इथल्या लोकांनी मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी वापरून उत्पादन कितीतरी पटीने वाढवलं, आणि १९४३ मध्ये पियोरियाच्याच बाजारातल्या एका बुरशी लागलेल्या खरबुजावर अजून जास्त पेनिसिलिन देणारी जात सापडली. ती प्रयोगशाळा आजही चालू आहे. मला या गावाचा सगळ्यात जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो, पण इथल्याच कितीतरी लोकांना ती माहीत नसते.

आता तुमची खरी भीती, कंपनीच इथून निघून गेली तर. कंपनीने २०१५ ला इथे नवं मोठं हेडक्वार्टर बांधायचं जाहीर केलं, २०१७ ला ते रद्द करून शिकागोजवळ जायचं ठरवलं, आणि २०२२ ला टेक्सासमधलं अर्व्हिंग जाहीर केलं. गावाच्या मनाला ते फार लागलं. पण कारखाने आणि इंजिनिअरिंगची हजारो माणसं इथेच आहेत. तुमची अडचण वेगळी आहे, एल-वनवर दुसऱ्या कंपनीत थेट उडी मारता येत नाही, आणि नोकरी गेलीच तर पुढची सोय करायला किंवा परत जायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणून एच-वन (नोकरी बदलता येते असा कामाचा व्हिसा) आणि ग्रीन कार्डचं निघायच्या आधी एचआरकडून लेखी घ्या, तोंडी नको. नवऱ्याला एल-टूवर, म्हणजे एल-वनवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरी करता येते, त्याच्यासाठी कोमात्सूचा मायनिंग ट्रकचा प्लांट, ओएसएफ हॉस्पिटल, ब्लूमिंग्टनला स्टेट फार्म ही विमा कंपनी, नॉर्मल गावात रिव्हियनचा इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना असे पर्याय आहेत. एकाच घरातले दोन्ही पगार एकाच कंपनीचे नकोत, हे मी प्रत्येकाला सांगतो.

घरं शिकागोच्या मानाने फारच स्वस्त, पण प्रॉपर्टी टॅक्स भारी, त्यामुळे घराची किंमत बघण्याआधी टॅक्सचं बिल बघा. शाळा पत्त्यावरून ठरते, बरीच भारतीय कुटुंबं उत्तरेला डनलॅप डिस्ट्रिक्टमध्ये राहतात. साउथ साइडला गरिबी खूप आहे, गावाचे हे दोन भाग एकमेकांपासून फार तुटलेत आणि ते बघून वाईट वाटतं. गाडीशिवाय चालत नाही, पॅसेंजर ट्रेन नाही, शिकागो अडीच-तीन तास. मंदिर आहे, किराणा मिळतो, महिन्याची मोठी खरेदी लोक शिकागोकडून करतात.

वादळाला हलकं घेऊ नका, नोव्हेंबर २०१३ ला शेजारच्या वॉशिंग्टन गावाचा मोठा भाग टॉर्नेडोने उद्ध्वस्त केला, त्यामुळे बेसमेंट असलेलंच घर घ्या. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो, ती टेस्ट असते, मुलीला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. जाड जॅकेट आणि बूट मात्र इथे येऊनच घ्या, तिकडून आणलेले इथल्या जानेवारीत पुरत नाहीत.