ट्रेलरच्या चाकांच्या बेरिंगला ऑइल बरं की ग्रीस?

तुम्ही विचारलंय की शेतावर न्यायच्या दोनचाकी ट्रेलरचे ग्रीसचे हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेरिंग बसतं) काढून ऑइलचे बसवावेत का, कारण मित्र म्हणतो ऑइलवर चाक हलकं फिरतं आणि थंड राहतं. मित्र खोटं बोलत नाहीये. पण ट्रेलर वर्षातले किती महिने नुसता उभा असतो, हे त्याने विचारलं का?

आमच्याकडे इंदूरला हा प्रयोग होऊन चुकलाय. आमचा लग्नांना जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा. जनरेटर ट्रेलरवरच बोल्टने बसवलेला, जीपमागे जोडायचा आणि निघायचं. देवशयनी ग्यारशीला, म्हणजे आषाढी एकादशीला, लग्नं बंद, की ट्रेलर अंगणात. तो हलतो देवउठनीनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर. म्हणजे ऐन पावसाळ्याचे चार महिने जागचा हलत नाही.

माझा चुलतभाऊ, दादा, पीथमपूरला, गाड्यांच्या कारखान्यांच्या गावी, नोकरीला. गाड्यांतलं आपल्यालाच कळतं ही त्याची जुनी समजूत. एका उन्हाळ्यात त्याने डोक्यात घेतलं की हबमध्ये ऐंशी-नव्वदचं गियर ऑइल घालायचं, बाहेरून काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची टोपी लावायची, म्हणजे पातळी उभ्या उभ्या दिसते, दरवर्षी हब उघडून हात काळे करायला नकोत. "अरे, ग्रीसमध्येसुद्धा शेवटी कामाचं ऑइलच असतं, त्यातला घट्टपणा देणारा साबण फक्त त्याला धरून ठेवतो," असं मला ऐकवलं. हे खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की आपल्याला तो धरून ठेवणाराच हवाय. पण घरात दादापुढे माझं कोण ऐकणार!

त्या वर्षी देवउठनीनंतरची पहिलीच ऑर्डर देवासची. मांगलिया ओलांडलं आणि डाव्या चाकातून घूं-घूं सुरू झालं. मला वाटलं टायर असेल. शिप्रा गावाच्या अलीकडे जळका वास आला. उतरून हबजवळ हात नेला तर धग लांबूनच लागत होती. रस्त्यावरच्या मिस्त्रीने टोपी काढली आणि म्हणाला, "भिया, ये तो सूखा चल रहा था." बेरिंगचा कोन (एक्सलवर बसणारं आतलं कडं) निळा-काळा पडलेला, रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटलेला. कोन एक्सलवरच गरगर फिरला होता, त्यामुळे एक्सलही खाल्लेला. उजवं चाक चालू होतं तरी तेही उघडलं, तर कपवर (बेरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) वरच्या अंगाला रोलरच्या अंतराअंतराने गंजाच्या रेघा, जशा काही पट्टीने आखल्या.

त्या रेघांनीच सगळा उलगडा झाला. ऑइल एक्सलच्या मध्यापर्यंतच भरायचं असतं. चाक फिरतं तेव्हा ते सगळीकडे पोचतं. चाक उभं राहिलं की वरचे रोलर हळूहळू निथळतात, आणि पावसाळ्यातली दमट हवा हबमध्ये असतेच. डावीकडे त्यात भर म्हणून सीलमधून (हबच्या मागची तेल अडवणारी कडी) ऑइल झिरपत होतं. खाली डाग होता, मी रोज बघत होतो. पण वर डिझेल इंजिन बसवलेलं असताना खालच्या तेलाच्या डागाकडे कोण लक्ष देतं? वरात निघायची वेळ झाली तरी आम्ही शिप्रालाच. दुसऱ्याचा जनरेटर मागवून दिला, त्याचे पैसे आमच्या खिशातून.

दादाचं आजही एकच पालुपद: "काच बघायची होतीस." दर गणपतीत जेवायला आला की पुरणपोळीबरोबर हे वाढलं जातं. अरे, धूळ आणि उन्हाने दोन महिन्यांत पिवळी पडणारी काच बघून काय दिसणार होतं?

तेव्हा माझं मत विचाराल तर ग्रीस, आणि तेही लिथियम कॉम्प्लेक्सचं, दोन नंबरचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा). स्वस्त कॅल्शियमचं चासी ग्रीस हबमध्ये घालू नका, शंभर अंशांच्या आसपास ते पातळ होऊन वाहू लागतं. साधं लिथियमचं १८० च्या पुढेमागे वाहू लागतं, कॉम्प्लेक्सचं त्याहून बरंच वर. जुन्या ग्रीसवर नवं दुसऱ्या जातीचं थापू नका, काही जाती एकमेकींत मिसळल्या की पाणी होतात. बेरिंग घासलेटात धुऊन, पूर्ण सुकवून, तळहातावरच्या गोळ्यावर कोनची रुंद कड दाबत राहायचं, वरून ग्रीस डोकावेपर्यंत. हबची पोकळी मात्र ठासून भरायची नाही, अर्धी पुरे. ठासलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि सील ढकलून ब्रेकच्या लायनरवर जातं. नट आवळताना चाक फिरवत राहा, मग थोडा सैल करून स्प्लिट पिन लावा. वर्षातून एकदा, देवउठनीच्या आधी, मी हे स्वतः करतो. हात काळे होतात, होऊ देत.

आता दुसरी बाजूही सांगतो. रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या मोठ्या ट्रेलरला ऑइल बरं. उष्णता लवकर निघते, पाणी शिरलं तर ऑइल दुधाळ होऊन लगेच कळतं. अमेरिकेत अवजड ट्रेलरना सर्रास ऑइल असतं, दादाचं तेवढं बरोबर. पण त्याला सील ऑइलचंच लागतं आणि ते घासतं ती एक्सलची जागा गुळगुळीत लागते. आमचा एक्सल तसा नव्हता. आणि खरं सांगायचं तर डावीकडचं सील मीच ठोकलं होतं, वर काही सपाट न धरता, नुसत्या हातोडीने. तिरकं बसलं असेल. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही ऑइलचे हब आधीच घेऊन ठेवले असतील तर परत करायची घाई करू नका. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी ट्रेलर दहा-वीस पावलं ढकला, म्हणजे सगळे रोलर पुन्हा तेलात बुडून येतील. दादाने एवढं जरी तेव्हा सांगितलं असतं तर मी ढकलला असता.