पुस्तकातला माणूस पोटासाठी काय करतो?

प्रश्न : तुम्ही अलीकडे वेगवेगळ्या प्रकारची कोणती पुस्तकं वाचलीत? कशी वाटली, प्रामाणिकपणे सांगा.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सौदे, तोलाई, हमाली, शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, दिवसभर हेच. तेव्हा मत हिशेबनिसाचं मिळेल, समीक्षकाचं नाही. कुठलंही पुस्तक घेतलं की मी आधी बघतो, यातली माणसं खातात काय, कमावतात कसं आणि लेखकाला ते नीट ठाऊक आहे का. तेवढं जमलेलं असलं की बाकी बरंच काही मी चालवून घेतो.

या कसोटीला सगळ्यात खरं उतरलं ते गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. वरसईचे विष्णुभट. घरावर कर्ज. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा हे आत होते. शाळेत आपण तारखा आणि सेनापती पाठ केले. इथं ते सगळं एका कर्जबाजारी भिक्षुकाच्या नजरेतून दिसतं. मिळालेली दक्षिणा जपत फिरणारा माणूस, आणि ती लुटीत गेल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात. एवढ्या धामधुमीतून गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणलीच, आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घालायला. राणीबद्दल त्यांना आदर आहे, पण 'आज जेवायला कुठं' हा प्रश्न ते कधी विसरत नाहीत. मला ते फार आवडलं. पुस्तक छापून आलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांमुळे. भाषा जुनी आहे, पण पाच-दहा पानांत सवय होते. प्रवासवर्णन म्हणून हल्ली जे हॉटेल आणि नाश्त्याचं वर्णन छापतात, ते यानंतर वाचवत नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. त्यात सगळेच भाषण केल्यासारखं बोलतात. तरी 'पानिपत' परत काढलं, कारण साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्ष त्याचेच लेखक विश्वास पाटील म्हटल्यावर दुकानात चहाच्या वेळी त्याचाच विषय. १९८८ ची कादंबरी, जाडजूड. संवाद काही ठिकाणी मला अजूनही नाटकी वाटतात. पण रसदीचा भाग जबरदस्त. मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले जातात, अब्दाली वाटा बंद करतो, आणि लाखभर तोंडं, घोडी, बैल छावणीत अडकून पडतात. दाणा नाही, वैरण नाही. १४ जानेवारी १७६१ ला मराठे बाहेर पडले ते उपाशी पोटी. धान्याची आवक थांबली की काय होतं, हे यार्डातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लढाईची पानं मी भराभर उलटली, छावणीची सावकाश वाचली.

आत्मचरित्रात लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. १९८० साली आलं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालं. लेखक आपल्या शेजारचे, फलटण भागातले. कैकाडी समाज, टोपल्या विणायच्या, गाढवावर बिऱ्हाड लादायचं आणि पुढच्या गावाला जायचं. बाप पोराला शाळेत घालतो, तर शाळेतही छळ आणि जातीतली माणसंही उलटतात. यावर मला जास्त लिहिता येत नाही. आमच्या गावाबाहेर अशी पालं पडायची. त्यांच्याकडून टोपली घेताना घासाघीस व्हायची, ती मी लहानपणी पाहिलेली आहे. त्या टोपलीमागचा हिशेब काय होता, ते पहिल्यांदा या पुस्तकातून कळलं. दुसऱ्यांदा वाचायला घेण्याआधी मी थोडा वेळ जाऊ देईन.

विज्ञानकथा म्हणून जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. खरं सांगू का, यातली माणसं लाकडी आहेत. घरी कोण वाट बघतंय, पगार किती, काही पत्ता लागत नाही, म्हणजे माझ्या कसोटीवर नापास. पण 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचताना कसोटी बाजूला ठेवली. आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटून जाण्याची कल्पना आणि त्यात क्रिकेट! नारळीकरांनी स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं. उलटापालट त्यांना आधीपासूनच आवडत असणार.

एक अनुवादित 'श्रीमंत व्हा' छापाचं पुस्तक भाच्यानं आग्रहानं दिलं. नाव सांगत नाही. दोनशे पानांत एकही माणूस धड काम करताना दिसला नाही. सगळे पहाटे उठतात, वहीत ध्येय लिहितात आणि पैसे येतात. कुठून येतात? पट्टी कोण फाडतं? भाच्याला परत दिलं, आवडलं म्हणून सांगितलं. घरात शांतता हवी असते.

सध्या हातात अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' आहे, अर्धी झाली. अण्णाभाऊ वाटेगावचे, आपल्याच वाळवा तालुक्यातले, आणि कादंबरी १९५९ ची. राणोजी शिगावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणतो आणि त्यात जीव गमावतो, तो भाग एका बैठकीत संपवला. माणसं जरा काळी-पांढरी रंगवली आहेत, हे खरं. पण पुढं दुष्काळात लोक धान्यासाठी जे करतात, तिथं मला लेखकावर शंका घ्यावीशी वाटली नाही. फेब्रुवारीत नवीन हळदीची आवक सुरू झाली की रात्री नऊपर्यंत दुकान, मग वाचन बंद. त्याच्या आत ती संपवायची आहे, कारण पुस्तक वाचनालयाचं आहे आणि आत्ताच पन्नासएक पानांवर माझे पिवळे अंगठे उमटलेत.