कढईचा यंत्रमानव

चि. दिग्दर्शिकाबाई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बारा पानांची संहिता वाचली. दोनदा. पहिल्यांदा तीन ठिकाणी हसले, दुसऱ्यांदा एकदाच, आणि तेही तुझ्या बाबांच्या डोक्यावर उपडी कढई डोळ्यांपुढे आली म्हणून. पन्नासच्या दशकातल्या स्वस्तातल्या अमेरिकी विज्ञानपटांसारखं काहीतरी करायचं आणि लोकांना पोट धरून हसवायचं, हा तुझा बेत कळला. पण चौथ्या पानावर समासात तू लिहिलंयस, 'उडत्या तबकडीचा दोरा मुद्दाम दिसला पाहिजे.' माझं घोडं तिथेच पेंड खातंय.

ज्यांचा दोरा दिसला ना, त्यांना तो दिसणार नाही असं वाटलं होतं.

'रोबॉट मॉन्स्टर'चंच बघ. साल १९५३. फिल टकर नावाच्या पंचविशीतल्या दिग्दर्शकाला पृथ्वी बेचिराख करणारा यंत्रमानव हवा होता आणि यंत्रमानवाचा पोशाख शिवून घ्यायला पैसे नव्हते. ओळखीत जॉर्ज बॅरोज नावाचा नट होता. त्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता, तो घालून सिनेमात गोरिला होणं हे त्याचं नेहमीचं काम. टकरने त्या गोरिलाच्या डोक्यावर पाणबुड्याचं असावं तसं शिरस्त्राण चढवलं, वर अँटेना खोवल्या, झाला यंत्रमानव. चित्रीकरण चार दिवसांत उरकलं, खर्च वीस हजार डॉलरच्या आत. जागा लॉस एंजेलिसमधलं ब्रॉन्सन कॅनियन, जुन्या दगडखाणीमुळे तिथे आयत्या गुहा आहेत. गुहेपाशी यंत्रमानवाची दळणवळण यंत्रणा मांडलेली आणि तिच्यातून साबणाचे फुगे निघतायत. त्या फुग्यांच्या यंत्राचं नाव श्रेयनामावलीत झळकतं. आणि हे सगळं थ्रीडीत.

तू याचे तुकडे बघितलेस, अख्खा चित्रपट नाही, हे संहितेवरून लगेच कळतं. पुढे एका ठिकाणी या गोरिलाला एका मुलीला मारायचा हुकूम होतो आणि त्याचा हात उचलत नाही. एकटाच उभा राहून तो स्वतःला विचारतो की मला जमत नाही, तरी केलंच पाहिजे. मग 'केलंच पाहिजे' आणि 'जमत नाही' हे आलेखावर नेमके कुठल्या बिंदूत भेटतात? मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले, मग हसू अर्ध्यावर अडलं, मग त्याचं हेल्मेट हललं आणि पुन्हा हसले. लिहिणाऱ्याने ते वाक्य जीव ओतून लिहिलंय. मागे संगीत एल्मर बर्नस्टाइनचं. त्या काळात राजकीय संशयामुळे त्याला मोठी कामं मिळत नव्हती. तीनच वर्षांनी 'द टेन कमांडमेंट्स' त्याच्या संगीतासह पडद्यावर आला. पडद्यावर गोरिला आहे ही बातमी वाद्यवृंदापर्यंत पोचलीच नसावी, अशा गांभीर्याने ते संगीत वाजतं. तुझ्या सातव्या पानावर 'पुंईपुंई असं विदूषकी संगीत' आहे. ते खोड.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. मी पस्तीस वर्षं फिल्म कापली आणि जोडली. या चित्रपटांवर आपण हसतो ते बहुतेक वेळा शॉटवर हसत नाही, दोन शॉटच्या सांध्यावर हसतो. एक तुकडा एका माणसाने केलेला, दुसरा भलत्याच माणसाने, भलत्याच जागी, भलत्याच वेळी. दोन्ही तुकडे आपापल्या जागी प्रामाणिक. संकलकाच्या टेबलावर त्यांची पहिली भेट होते आणि लग्न जमत नाही.

याचा सगळ्यात चोख नमुना म्हणजे १९५७चा 'द जायंट क्लॉ'. अंतराळातून एक अवाढव्य पक्षी येतो, त्याच्याभोवती प्रतिद्रव्याचं कवच आहे, तो विमानं गिळतो, न्यूयॉर्कवर चाल करतो. पात्रं घडीघडी म्हणतात की तो युद्धनौकेएवढा आहे. नायक जेफ मॉरो चांगला, कसलेला नट. त्याने आणि बाकीच्यांनी कोऱ्या आकाशाकडे बघून भीती उभी केली, कारण चित्रीकरणाच्या वेळी पक्षी नव्हताच, तो मागून चिकटवायचा होता. निर्माता सॅम कॅट्झमनने पैसे वाचवायला पक्ष्याचं काम मेक्सिको सिटीत दिलं. तिथून आली ती दोऱ्यांवर हलणारी बाहुली. लांबलचक मान, बटबटीत डोळे, फेंदारलेल्या नाकपुड्या, डोक्यावर चार केसांचा तुरा. गिधाड आणि टर्की कोंबडी यांच्यामधलं काहीतरी, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी अपमान केल्याचा भाव.

मॉरोने तो पक्षी पहिल्यांदा पाहिला तो आपल्या गावच्या थिएटरात, ओळखीच्या लोकांमध्ये बसून. पक्षी आला आणि थिएटर फुटलं. मॉरो खाली मान घालून अंधारातच बाहेर सटकला. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय.

हा चित्रपट मांडीवर वही घेऊन बघ. माणसांचे क्लोजअप तेवढे पाहिलेस तर तो बरा, गंभीर भयपट आहे. पक्ष्याचे शॉट तेवढे पाहिलेस तर लहान मुलांचा कळसूत्री खेळ आहे, त्यातही हसण्यासारखं फारसं नाही. मॉरोचे विस्फारलेले डोळे, कट, तुरेवाली कोंबडी. हसू त्या कटमध्ये आहे. मॉरोने डोळा मारला असता तर पक्षी फुकट गेला असता. तुझ्या संहितेत सगळीच पात्रं डोळा मारतायत.

एड वूडवर तू फार सहज लिहिलंयस, 'जगातला सर्वांत वाईट दिग्दर्शक' वगैरे. तो किताब मेडवेड बंधूंच्या वाईट चित्रपटांवरच्या १९८०च्या पुस्तकातून आला आणि वूड १९७८ सालीच गेला होता. मॉरोने निदान हसू ऐकलं. वूडला आपली कीर्ती कळलीच नाही. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मधल्या चुका मोजत बसलीस तर वही संपेल: पोलिसांची गाडी दिवसा निघते, रात्री पोचते आणि मधल्या एका शॉटला पुन्हा ऊन पडलेलं, विमानाच्या कॉकपिटला दार नाही, पडदा, थडगी धक्का लागला की डुलतात. पैसे दिले होते बाप्टिस्ट पंथाच्या लोकांनी, आणि त्यासाठी नटमंडळींपैकी काहींनी बाप्तिस्माही घेतला. मूळ नावात थडगी लुटणारे होते, ते त्या धार्मिक मंडळींना रुचलं नाही, म्हणून नाव बदललं.

मला मात्र त्यातला बेला लुगोसी सुटत नाही. एकेकाळचा ड्रॅक्युला, उतारवयात कंगाल झालेला, वूडचा मित्र. १९५६च्या ऑगस्टमध्ये तो गेला. वूडकडे त्याची थोडीशी मूक फिल्म होती, दुसऱ्याच कामांसाठी घेतलेली. एका तुकड्यात तो घराबाहेर येतो, एक फूल हुंगतो, बस. वूडने त्या तुकड्यांभोवती अख्खा चित्रपट बांधला. उरलेल्या प्रसंगांसाठी बायकोच्या ओळखीतला मणक्याचा डॉक्टर उभा केला, टॉम मेसन. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच आणि चेहऱ्यात तिळमात्र साम्य नाही, म्हणून सगळा वेळ तोंडासमोर काळा झगा धरून चालतो. लुगोसी, कट, झगा. मी हसते, आणि हसता हसता मला माझं टेबल आठवतं. गेलेल्या नटाचे शॉट डब्यात पडून असतात, ते टाकवत नाहीत, आणि बाकीचं जुळवायला हाताशी काही नसतं. अशा वेळी मीही एकदा पाठमोऱ्या माणसावर निभावून नेलंय. कुणाच्या, ते भेटलीस की सांगेन.

बाकीचे पटकन सांगते, बघून टाक. १९५७च्या 'बिगिनिंग ऑफ द एन्ड'मध्ये राक्षसी टोळ शिकागोच्या इमारतीवर चढतात. खरे टोळ इमारतीच्या फोटोवर सोडले होते, त्यामुळे एखाददुसरा इमारत संपल्यावरही थांबत नाही, आकाशावर चालत जातो. 'द किलर श्रूज'मधल्या भयंकर चिचुंद्र्या म्हणजे अंगावर केसाळ झुली घातलेले कुत्रे, आणि त्यातल्या काहींचा आनंद लपत नाही. 'द क्रीपिंग टेरर'चा राक्षस सतरंजीसारखा सरपटतो आणि माणसांना गिळतो, म्हणजे माणसंच स्वतः धडपडत त्याच्या तोंडात शिरतात. त्यात बहुतेक संवाद नाहीतच. पात्रं ओठ हलवतात आणि निवेदक त्यांचं बोलणं सारांशाने सांगतो.

हे एवढं पीक एकदम का आलं, ते 'गरिबी' या एका शब्दात संपवू नकोस. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बड्या स्टुडिओंना त्यांच्या थिएटरांच्या साखळ्या सोडायला लावल्या. हक्काची थिएटरं गेल्यावर जोडखेळातला दुसरा, स्वस्त चित्रपट काढणं स्टुडिओंना परवडेना. त्याच सुमाराला गाडीत बसून बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं वाढली, दशक संपेपर्यंत चार हजारांच्या वर. त्यांना दर आठवड्याला दोन-दोन चित्रपट हवेत, प्रेक्षक सगळी पोरं. मग अमेरिकन इंटरनॅशनलसारख्या छोट्या कंपन्यांनी आधी नाव ठरवायचं, पोस्टर काढायचं, ते वितरकांना दाखवायचं आणि नंतर चित्रपट करायचा, असा क्रमच लावला. पोस्टरवरचा राक्षस चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरायचा, त्याला बजेटची अट नव्हती. पोस्टर आणि पडदा, हाही एक सांधाच.

त्याच कंपनीसाठी रॉजर कॉर्मनने १९५६ साली 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' केला. शुक्रावरचा प्राणी. कॉर्मनचा हिशेब असा की जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा जीव बसका, जमिनीलगतच असणार. (शुक्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा थोडं कमीच आहे, पण ते राहू दे.) पॉल ब्लेझडेलने तसा प्राणी केला. सेटवर नायिका बेव्हर्ली गारलंड त्याच्यापुढे उभी राहिली, वरून खाली त्याच्याकडे बघितलं, 'हा जग जिंकणार?' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि त्याला लाथ घातली. प्राण्याची उंची वाढवावी लागली. वाढवल्यावर तो फणा काढलेल्या काकडीसारखा दिसायला लागला, ही गोष्ट वेगळी. पण कॉर्मन त्यातून शिकला: राक्षस कागदावर तर्कशुद्ध असून भागत नाही, नटीच्या शेजारी उभा करून बघावा लागतो. तुझे बाबा पाच फूट चार इंच, तुझी नायिका त्यांच्यापेक्षा उंच. कढई घालून दोघांना एकदा शेजारी उभं कर, मग कॅमेरा कुठे लावायचा ते ठरव.

आपल्याकडेही असं झालंय. १९६७ साली दारा सिंग 'चाँद पर चढाई'मध्ये चंद्रावर गेला, आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी, आणि सोबतीला आपले भगवानदादा. चंद्रावर जाऊन मारामारी. ती कृष्णधवल फिल्म मिळाली तर बघ, आणि दारा सिंगचा चेहरा बघ. कुस्तीच्या आखाड्यात असावा तितकाच गंभीर आहे.

माझा स्वतःचा किस्सा सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. कॉलेजात आम्ही एकांकिका केली, परग्रहावरचं यान सह्याद्रीत उतरतं अशी. ध्वनी माझ्याकडे, म्हणजे एक टेपरेकॉर्डर आणि एक बोट. यान उतरल्याचा आवाज, मग थर्माकोलचं दार उघडणार, मग परग्रहवासी. माझं बोट थरथरलं, बटण दाबलं गेलं ते अडीच सेकंदांनी उशिरा. परग्रहवासी येऊन मध्यभागी उभा राहिला, पहिलं वाक्य म्हणाला, 'आम्ही कधीचे आलो आहोत,' आणि त्यानंतर यान उतरलं. प्रेक्षागृह कोसळलं. त्या मुलाने मात्र मान वळवून आवाजाच्या दिशेने बघितलं, क्षणभर थांबला आणि तितक्याच गांभीर्याने पुढचं वाक्य म्हणाला. तो जर हसला असता तर आम्ही मेलो असतो. परीक्षकांनी त्याला अभिनयाचं उत्तेजनार्थ दिलं. मला कुणी काही दिलं नाही.

तेव्हा असं कर. चौथ्या पानावरचा दोरा लपव. मनापासून लपव, काळा रंग लाव, मागे काळं कापड लाव, रात्र जागव. इतकं करूनही दिसला तर तो दोरा तुझा. आठव्या पानावरचे मुद्दाम मूर्ख केलेले संवाद काढ आणि तिथे तुला परग्रहवासीयाला खरंच काय विचारावंसं वाटतं ते लिही. एकटी असताना लिही, मैत्रिणींना वाचून दाखवू नकोस. बाबांना हा विनोदी चित्रपट आहे हे सांगू नकोस. त्यांना सांग, 'तुम्ही शेवटचे यंत्रमानव आहात आणि तुमची बॅटरी संपत आलीय.' ते बँकेत नोकरी केलेले गृहस्थ आहेत, ते मनापासून करतील.

चित्रीकरण झालं की तुझ्या लॅपटॉपवर एकटीने जोडत बसू नकोस. सगळे रश, म्हणजे न कापलेले कच्चे तुकडे, घेऊन गुरुवार सोडून कधीही ये, दोघी मिळून बसू. आणि कढई अॅल्युमिनियमची घे. लोखंडी घेतलीस तर दुसऱ्या टेकला बाबांची मान धरेल.

तुझी,
संकलनवाली मावशी