युरोपात रोमा (म्हणजे 'जिप्सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाच्या) मुलांना आजही वेगळ्या शाळेत बसवतात का?

हो, बसवतात. कायद्याने बंदी आहे, पण पळवाटा भरपूर.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहराचंच बघा. तिथे रोमा मुलांची मानसिक चाचणी घ्यायचे आणि सर्रास मतिमंदांच्या 'विशेष' शाळेत पाठवायचे. इतर मुलांपेक्षा रोमा मूल तिथे पोचण्याची शक्यता तब्बल 27 पट होती! आईबापांची सही असायची, त्यामुळे कागदोपत्री सगळं चोख. सहीचा परिणाम काय होणार हे त्यांना कोण समजावून सांगतंय? 18 मुलांच्या वतीने प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. 2006 मध्ये हरले, 2007 मध्ये मोठ्या खंडपीठापुढे जिंकले. पण निकाल लागला तोवर ती मुलं शाळेच्या वयाची राहिली नव्हती.

त्याच देशात ऊस्ती नाद लाबेम इथे 1999 मध्ये रोमा वस्तीसमोर रातोरात भिंत उभी केली होती. कारण काय, तर म्हणे आवाज आणि कचरा. जगभर छी थू झाल्यावर दीडेक महिन्यात पाडली.

नोकरी, भाड्याचं घर यातही तेच. फोनवर 'या बघायला', आणि चेहरा दिसला की 'आत्ताच गेलं'. आपल्याकडे आडनाव ऐकून घर नाकारतात, तसंच.

जाता जाता: रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान' आणि माणसाला 'मनुष' म्हणतात. मूळ आपल्याच उपखंडातलं.