स्नॅपशॉटच्या फायली डिलीट करू का?

प्रश्न: कोपरखैरण्यात माझं अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे. एका क्लायंटचं जुनं टॅली ईआरपी ९ व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर), विंडोज ७ च्या व्हर्च्युअल मशीनवर चालतं. गेल्या शनिवारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, नंतर मशीन सुरूच होईना. भाच्याने मूळ डिस्क दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनला जोडून उघडली तर त्यात फक्त गेल्या वर्षीच्या एंट्र्या. आता आमचं मशीन चालू केलं की पॅरेंट डिस्क बदललीय असा एरर येतो. फोल्डरमध्ये ०००००१ आणि ०००००२ नावाच्या फायली आहेत, त्या डिलीट केल्या तर चालेल का?

उत्तर: अहो नाही, अजिबात हात लावू नका! तुमचं चालू वर्ष त्याच फायलींमध्ये आहे. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, घेतला की मूळ (पॅरेंट) डिस्क तिथेच थांबते आणि पुढचं सगळं लिखाण नवीन फायलीत जातं, म्हणून भाच्याला जुनंच दिसलं. आणि खरं सांगू का, लाईटने एक घोळ केला असेल पण हा एरर बहुतेक भाच्याच्या हातून आलाय (रागावू नका त्याला, हे भल्याभल्यांकडून होतं).

आधी अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि पुढचं सगळं त्या कॉपीवरच. हार्डडिस्कच टकटक आवाज करत असेल तर मात्र पीसी बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्या.

तुमची डिस्क तुकड्यांत असेल तर एस००१, एस००२ अशा मोठ्या फायली दिसतील आणि सोबत प्रत्येक डिस्कची एकेक छोटी, एक-दोन केबीची व्हीएमडीके फाइल. ती छोटी नोटपॅडमध्ये उघडते. आत सीआयडी (त्या डिस्कची ओळख) आणि पॅरेंटसीआयडी (ती ज्या डिस्कवर उभी आहे तिची ओळख) अशा दोन ओळी, पुढे आठ अक्षरांचा कोड. ०००००१ मधला पॅरेंटसीआयडी मूळ डिस्कच्या सीआयडीशी जुळायला हवा, ०००००२ चा ०००००१ शी. मूळ डिस्क परस्पर उघडली, तिच्यावर काहीतरी लिहिलं गेलं की तिचा सीआयडी बदलतो आणि साखळी तुटते. मूळचा आत्ताचा कोड ०००००१ च्या पॅरेंटसीआयडीत टाका, सेव्ह करा, बस. अखंड एकच मोठी फाइल असेल तर हा मजकूर तिच्या पोटात असतो, तिथे नोटपॅड नको, हेक्स एडिटर (फाइलचे कच्चे बाइट बदलायचं सॉफ्टवेअर) येणारा माणूस बघा.

एवढं झालं की मशीन चालू करायचा मोह होईल, तो आवरा, कारण विंडोज सुरू होताच त्याचं डिस्क तपासणारं चेकडिस्क स्वतःच्या मनाने दुरुस्त्या करत सुटतं. त्याऐवजी क्यूईएमयू-आयएमजी या डिस्क-फायली बदलणाऱ्या टूलच्या कन्व्हर्ट कमांडने शेवटच्या, म्हणजे ०००००२ च्या छोट्या फायलीवरून रॉ इमेज (अख्ख्या डिस्कची एकाच फायलीतली साधी प्रत) बनवा, मागची साखळी ते आपोआप वाचतं. ६० जीबीची डिस्क असेल तर ६० जीबी जागा मोकळी ठेवा. ती इमेज सेव्हन-झिपमध्ये उघडा आणि टॅलीच्या डेटा फोल्डरमधलं कंपनीचं पाच आकडी नावाचं फोल्डर, १०००० वगैरे, अख्खं बाहेर काढा. सेव्हन-झिपला जमलं नाही तर टेस्टडिस्क हे डेटा रिकव्हरीचं टूल वापरा.

मूळ डिस्क मध्येच बदललेली असल्यामुळे एखादी फाइल अर्धवट निघू शकते. टॅलीत कंपनी उघडत नसेल तर त्या फोल्डरची अजून एक कॉपी करून कंट्रोल-आल्ट-आरने रीराइट (टॅलीची डेटा दुरुस्ती) मारून बघा, आणि शनिवारच्या एंट्र्या बँक स्टेटमेंट समोर ठेवून एकेक टिक करा.