एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील डेट्रॉइट पिस्टन्स संघाचा २०२४-२५ चा कायापालट केवळ नव्या प्रशिक्षकामुळे झाला का?

बऱ्याच अंशी होय, पण केवळ त्यामुळे नव्हे. आदल्या हंगामात सलग २८ पराभव पत्करून ८२ पैकी अवघे १४ सामने जिंकलेल्या या संघाने नवे प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ यांच्या पहिल्याच हंगामात ४४ विजय मिळवले आणि २०१९ नंतर प्रथमच प्लेऑफ (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) गाठले. बिकरस्टाफ यांनी बचावाला शिस्त लावली, हे श्रेय निर्विवादपणे त्यांचे आहे. मात्र टोबायस हॅरिस आणि मलिक बीझली हे अनुभवी खेळाडूही त्याच उन्हाळ्यात संघात आले होते. एकट्या बीझलीने तीन गुणांचे ३१९ बास्केट केले, आणि अशा नेमबाजीमुळेच संघाचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅमला बास्केटकडे आत घुसण्यासाठी मोकळी जागा मिळाली, असे मला वाटते. पहिल्या फेरीत न्यूयॉर्क निक्सने त्यांना ४-२ असे हरवले.